भुऱ्याची उडी

सांगा सांगा म्हणून डोकं खाल्लंत, तर आता मधे बोलू नका. घाटात नवी सडक झाली, त्या काळची गोष्ट. भुऱ्या वानर गाडीवाल्यांनी टाकलेली भजी, वेफर खायचा. म्हाताऱ्या आक्की वानरीला ते बघवेना.

"मेल्या, पाला खा. या तेलकटानं जड झालास."

"तुला दात नाहीत, म्हणून जळतेस आक्के!"

एके सकाळी बिबट्या आला. सगळी टोळी सडकेपलीकडच्या जांभळावर उडाली. भुऱ्याची उडी मात्र फांदीच्या हातभर अलीकडंच संपली. पडता पडता त्यानं आक्कीची लोंबती शेपटी धरली. आक्कीनं फांदीला घट्ट मिठी मारली, म्हणून तो वर चढला.

आता तो मुकाट पाला चघळतो. आक्कीची शेपटी कायमची वाकडी झाली, पण माफीचा एक शब्द अजून काढला नाही भुऱ्यानं.