आठव्या दिवसाची नोव्हेना

वसईच्या किनाऱ्यावर खारवडे गावी संतपुरुष फादर इनास राहत असत, तेव्हाची ही हकिगत. भाविकहो, मन लावून ऐका.

त्या गावात नतालीन नावाची गरीब कोळीण होती. वादळात तिचा नवरा कैतान होडीतून फेकला गेला. बाकीचे परतले, तो आला नाही. ती फादरांकडे धावली. फादर म्हणाले, "बाय, आपण नोव्हेना धरू. नऊ दिवस पवित्र मरियेजवळ रोज मागणं मागू."

ती रोज सकाळी देवळात जाई. वाटेत त्याच होडीचा मालक, बस्त्याव तांडेल, जाळं शिवत बसलेला असे. तो म्हणे, "समुद्राला नोव्हेना ऐकू येते का गं? फादरांना मयताची मिस्सा म्हणायला सांग आणि काळं लुगडं नेस." भोवतालचे हसत. नतालीन खाली मान घालून पुढे जाई.

पाचव्या दिवशी किनाऱ्याला कैतानचा सदरा लागला. तो तिनेच शिवलेला होता. सातव्या दिवशी प्रार्थनेचे शब्द तिच्या तोंडातून फुटेनात. आठव्या दिवशी ती अंथरुणातून उठलीच नाही. चूल थंड, दार बंद. इतके दिवस आपण कुणाशी बोलत होतो? पलीकडे कोणी नाहीच, असं तिला वाटू लागलं.

दुपारी फादरांनी दार वाजवलं. ती आतूनच म्हणाली, "फादर, माझ्याच्यानं होत नाही. मला आता काही मागायचं नाही."

फादरांनी तिला बोल लावला नाही. "नको मागू. आजचं मी म्हणतो," असं म्हणून ते उंबऱ्याबाहेर गुडघ्यांवर बसले, ते ऊन उतरेपर्यंत हलले नाहीत. जाणाऱ्यायेणाऱ्यांनी पाहिलं. बस्त्यावनेही पाहिलं, आणि तो हसत निघून गेला.

नवव्या दिवशी संध्याकाळी परगावच्या होडीने कैतानला किनाऱ्यावर उतरवलं. नुसता हाडांचा सापळा, पण जिवंत! नतालीन त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवत राहिली. तिला रडूही येईना.

तो अडखळत सांगू लागला, "ओसाड खडकावर पडलो होतो. खळग्यातलं पावसाचं पाणी काल संपलं. म्हटलं, आता समुद्रात उतरावं नि सुटावं. तर दुपारी फादर शेजारी येऊन बसले. ऊन उतरेपर्यंत माझा हात धरून होते."

बस्त्याव गर्दीतच होता. काल दुपारी फादर कुठे होते, ते त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याने पुढे होऊन फादरांचे पाय धरले.

फादरांनी त्याला उठवलं. "माझे नकोत," ते हळूच म्हणाले, "हिचे धर."

आणि तो तांडेल साऱ्या गावादेखत ओल्या वाळूत नतालीनपुढे वाकला.