शेकरू आणि कॉफीची लाल फळे

सातपुड्यातल्या एका डोंगरावर माणसांनी लावलेली आणि पुढे विसरून गेलेली कॉफीची बाग होती. तिच्या वरच्या रानात एक तरुण शेकरू राहत असे. शेकरू म्हणजे मोठी, झुबकेदार शेपटीची खार, मुलांनो. या झाडावरून त्या झाडावर ते असे झेपावते की वाटावे, वाराच गेला. त्या रानाच्या मधोमध एक खोल दरी होती. चैत्रात अलीकडची झाडे वाळून जात आणि पलीकडचे उंबर फळांनी लगडत. लहान खारींना एवढी उडी झेपत नसे. म्हणून दरवर्षी त्या पंधरा दिवस खपून एक लांब वेल कुरतडून मोकळी करत, आणि एक शेकरू तिचे टोक दातांत धरून पलीकडे उडी घेई. तिथे फांदीला वेल गुंडाळली की खारी पोराबाळांसह तिच्यावरून पार होत. यंदा म्हातारे शेकरू थकले होते, त्यामुळे हे काम तरुण शेकरूकडे आले.

उडी त्याला येत होती, अगदी छान येत होती. पण घरट्यात पडले की त्याला वेल तुटल्याचा आवाज ऐकू येई. पान गळाले तरी ते दचकून उठे आणि उठलेच आहोत तर म्हणून सरावाला लागे. अशा तीन रात्री गेल्या. चौथ्या सकाळी त्याचे डोळे आपोआप मिटू लागले, तेव्हा बागेतून परतणाऱ्या उदमांजराने त्याच्यापुढे चार लाल फळे टाकली. “यातल्या बिया चाव. मी रोज खाते. रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही.”

बिया कडू होत्या, पण थोड्याच वेळात शेकरूचे डोळे टक्क उघडले, छाती धडधडू लागली. मग झोप हवीच कशाला? दिवसभर ते उड्या मारत राहिले. लांबी तेवढीच भरत होती. फक्त पूर्वी ते फांदीच्या मध्यावर उतरे, आता कधी अलीकडे, कधी पलीकडे. सर्वांत म्हाताऱ्या खारीच्या, सगळ्यांच्या आजीच्या, ते लक्षात आले.

“बाळा, पाय चुकतोय तुझा. आज झोप. वेल अजून दोन दिवस ओली राहील, वाळून तुटायची नाही.”

“आजी, मला झोप येतच नाहीये. इतकं जागं तर मी कधीच नव्हते,” शेकरू म्हणाले. आजीचा आपल्यावर विश्वास नाही, असे त्याला वाटले.

दुसऱ्या सकाळी आणखी बिया चावून त्याने वेल दातांत धरली आणि उडी घेतली. लांबी पुरली, नेम वीतभर चुकला. पंजा फांदीऐवजी डहाळीवर पडला, शेकरू खाली लोंबकळले, वेलीला हिसका बसला आणि ती मधोमध तुटली. शेकरूचा जीव वाचला. नवी वेल काढायला पंधरा दिवस लागले असते आणि अलीकडे खायला काही उरले नव्हते, म्हणून खारींना मात्र दरीच्या तळातून, उघड्यावरून, घारींच्या नजरेखालून जावे लागले. बाकीच्या पोहोचल्या. आजी पोहोचली नाही.

पुढे एके दुपारी शेकरूने उदमांजराची ढोली शोधून काढली आणि त्याला हलवून जागे केले. त्या बियांनी झोप लागत नाही असे तूच म्हणाले होतेस ना, असे त्याने विचारले.

“रात्री नाही लागत,” उदमांजर जांभई देत म्हणाले. “पण दिवसा तू मला कधी बघितलंस? उजाडलं की मी इथे पडते, ते तिन्हीसांजेलाच उठते. बिया मला जागं ठेवतात. माझ्या वाट्याची झोप काही त्या घेत नाहीत.”

पुढल्या चैत्रात खारींनी पुन्हा वेल मोकळी करत आणली. भीती शेकरूला तेव्हाही वाटत होती. पण दिवस मावळताच ते ती भीती घेऊनच घरट्यात झोपायला गेले, आणि त्याची झोप मोडू नये म्हणून खाली खारींनी कुरतडणे थांबवले. सकाळी वेल पुरती मोकळी झाली, शेकरूने उडी घेतली आणि त्याचा पाय फांदीच्या बरोबर मध्यावर पडला. वेल ताणली गेली, तरी पहिली खार लगेच पुढे झाली नाही. सगळ्या क्षणभर थांबल्या. दरवर्षी आजी पुढे असे.

तात्पर्य एवढेच : डोळे उघडे ठेवायला कडू बी पुरते, पण कसब शाबूत राहते ते पुरेशा झोपेनेच.