वायसर कुणी कुरतडलं?

बाजाराच्या कोपऱ्यावर गुणाजीआजोबांचं दुकान. दुकानात गोटीसोड्याचं एक जुनं मशीन. केवढं जुनं? आजोबांच्या बाबांचं. किती वर्षं ते बंदच होतं.

आजोबांनी मशीन उघडलं. गंज घासला. खर्र खर्र. चाक पुसलं. लख्ख लख्ख. लाल रंग दिला. सप सप. मग आणलं एक नवं वायसर. वायसर म्हणजे रबराचं काळं कडं. एवढंसं. ते बाटलीच्या तोंडाशी घट्ट बसतं, म्हणून गॅस पळत नाही.

दुकानात एक उंदरी राहायची. चिमुकली. टिकली तिचं नाव. टिकलीने वायसर पाहिलं. तिचे दात शिवशिवले. कुर्तुम कुर्तुम. कुर्तुम कुर्तुम. संपलंसुद्धा.

आजोबा आले. वायसर नाही. डब्यात नाही, खिशात नाही. तसंच चाक फिरवलं. गर्र गर्र. फुस्स. सगळा गॅस पळाला.

आजोबा पायरीवर बसले. "मीच कुठेतरी हरवलं," म्हणाले.

टिकलीने ते ऐकलं. तिचे कान खाली पडले.

ती निघाली. कान पाडून, शेपटी ओढत. तुरु तुरु तुरु. गेली सायकलवाल्या रफीकमामांकडे.

"रफीकमामा, रफीकमामा, ट्यूबचं रबर कापा.
कुणीतरी वायसर कुरतडलं,
सोडा काही येईना."

रफीकमामा म्हणाले, कात्री बोथट झालीय. शेजारच्या शेवंतामावशीने धार लावली, तर कापीन.

टिकली निघाली. कान पाडून, शेपटी ओढत. तुरु तुरु तुरु. गेली धारवाल्या शेवंतामावशीकडे.

"शेवंतामावशी, शेवंतामावशी, कात्रीला धार लाव.
कुणीतरी वायसर कुरतडलं,
सोडा काही येईना,
कात्री काही कापेना."

शेवंतामावशी म्हणाली, धारेचं चाक अडकलंय. घाण्याच्या बैलाने तेल काढलं, तर लावीन.

टिकली निघाली. कान पाडून, शेपटी ओढत. तुरु तुरु तुरु. गेली तेलाच्या घाण्यावर. बैल खाली बसला होता.

"बैलदादा, बैलदादा, घाणा फिरव, तेल काढ.
कुणीतरी वायसर कुरतडलं,
सोडा काही येईना,
कात्री काही कापेना,
चाक काही फिरेना."

बैल म्हणाला, कानात गोचीड चावतेय. साळुंकीने ती काढली, तर उठेन.

टिकली निघाली. कान पाडून, शेपटी ओढत. तुरु तुरु तुरु. साळुंकी कुंपणावर बसली होती.

"साळुंकीताई, साळुंकीताई, गोचीड काढ.
कुणीतरी वायसर कुरतडलं,
सोडा काही येईना,
कात्री काही कापेना,
चाक काही फिरेना,
बैल काही उठेना."

साळुंकीने मान वाकडी केली. एका डोळ्याने टिकलीकडे पाहिलं.

"काढीन. पण आधी सांग. वायसर कुणी कुरतडलं?"

टिकलीने दोन्ही पंजांनी तोंड झाकलं. पळून जावंसं वाटलं. पण आजोबा आठवले. पायरीवर बसलेले.

पंजांच्या आडून बारीकसा आवाज आला.

"मी."

मग जरा मोठ्याने. "मी कुरतडलं. आजोबांना वाटतं, त्यांनीच हरवलं."

साळुंकी हसली नाही. रागावलीही नाही. म्हणाली, चल.

साळुंकीने गोचीड काढली. टुच्.
बैल उठला. घाणा फिरला. कर्र कर्र.
तेल आलं. टिप टिप. टिकलीने पानावर थेंबभर नेलं.
मावशीचं चाक फिरलं. कात्रीला धार लागली. खस्स खस्स.
रफीकमामांनी रबर कापलं. कच्च.
झालं वायसर. गोल गोल.

टिकलीने ते गळ्यात घातलं. तुरु तुरु तुरु. दुकानाच्या दाराशी आली आणि थांबली. पाय काही उचलेना.

आजोबांनी तिला पाहिलं.

"आजोबा," टिकली म्हणाली, "तुम्ही हरवलं नव्हतं. मी कुरतडलं."

आणि मान खाली घातली. अगदी खाली. नाक जमिनीला लागलं.

आजोबांनी हात पुढे केला. टिकलीने वायसर त्यांच्या तळहातावर ठेवलं.

आजोबांनी वायसर बसवलं. चाक फिरवलं. गर्र गर्र गर्र. गॅस पळाला नाही. बाटलीतली गोटी वर गेली. टक्क. आजोबांनी ती दाबली. पुक्क. फसफस फसफस सोडा आला.

आजोबांनी एका छोट्या झाकणात चार थेंब ओतले. टिकलीपुढे ठेवले.

"घे," म्हणाले. "तुझा."

टिकलीला वर बघवेना. डोळे मिटूनच तिने जीभ लावली. बुडबुडे नाकात गेले. आक्‌-छी. एवढी मोठी शिंक, की टिकली टुणकन उडाली आणि आजोबांच्या चपलेत पडली.

आजोबा हसू लागले. पोट धरून हसले.

टिकलीने चपलेतून हळूच एक डोळा उघडला. मग दुसरा. मग तीही हसली. थोडीशीच.