बाविसावा मासा

फार वर्षं झाली याला. किती, ते विचारू नका. हिरडवाडीतला कुठलाही म्हातारा सांगेल की ही आपल्या आजाच्या वेळची गोष्ट, आणि त्याचा आजा असता तर त्यानेही हेच सांगितलं असतं. तेव्हा वाडीत बावीस घरं होती, एवढं मात्र सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे.

डोंगराच्या माथ्यावर, ढवळ्या कड्याच्या पायथ्याशी वाडीचं थोरलं तळं आहे. त्यात खडस मासा असतो. तांबूस खवल्यांचा, अंगाने दणकट आणि वाडीतल्या निम्म्या माणसांपेक्षा हुशार. त्याला गळाने धरावं ते ठकूनेच, असं म्हणतात. ठकूचा नवरा लवकर गेला होता, मूलबाळ नव्हतं. गळ टाकणं हे गडीमाणसाचं काम, बाईने टोपली घेऊन काठाकाठाने मासे धरावेत, असा रिवाज होता. ठकूने तो कधी मानला नाही. गळ टाकून ती इतकी निश्चल बसे, की खंड्या पक्षी तिच्या खांद्यावर बसून पाण्यात सूर मारी, असं म्हणतात.

एका वर्षी वैशाखात वाडीतली नाचणी संपली. धडधाकट गडी बैल घेऊन घाटाखाली धान्य आणायला गेले. जाऊन यायला आठ दिवस. मागे राहिल्या बायका, म्हातारे आणि पोरं, आणि सगळ्यांच्या पोटात आग. तळंही आटून तिसऱ्या हिश्श्यावर आलं होतं. तेव्हा वाडीचा कारभारी धावजी, म्हणजे ठकूचा चुलत सासरा, म्हणाला की आता गेळ घालू.

गेळाची फळं ठेचून पाण्यात कालवली, की मासे गुंगतात आणि पोट वर करून तरंगतात. ओढ्याला हे चालून जाई, कारण पाणी वाहतं. पण आटलेल्या तळ्यात गेळ घातला असता तर बोटभर पिल्लूही वाचलं नसतं. दोन दिवस पोटभर, आणि मग कायमचं मोकळं पाणी. ठकूला हे लख्ख दिसत होतं. इतरांनाही दिसत असावं, पण पोरं रडत होती. त्यात त्यांना दोष तरी कसा द्यायचा?

बायका गेळ ठेचायला बसल्या, तेव्हा ठकू धावजीपुढे जाऊन उभी राहिली.

"मामंजी, बैल माघारी येस्तवर रोज घरटी एक मासा मी देते. ऊन कड्यावर चढायच्या आत. पर तळ्यात गेळ घालू नगा."

"आन् एक कमी पडला तर?"

"तर घाला. मी आडवी येनार न्हाई."

धावजीने मान डोलावली. पण ठेचलेल्या गेळाच्या टोपल्या त्याने काठावरच ठेवून दिल्या.

पहिले दोन दिवस उंबराने तारले. उंबराची फांदी पाण्यावर वाकलेली होती, पिकलं फळ पडलं की खडस ते टिपायला वर येई. ठकू गळाला उंबर लावी आणि फांदीखाली असा सोडी, की फळ आपसूक गळून पडल्यासारखंच वाटावं. सावली पाण्यावर पडू नये म्हणून उगवतीकडे तोंड करून बसे. दोन्ही दिवशी बावीस मासे झाले.

तिसऱ्या दिवशी पाणीच कोमट झालं. उंबरं नुसती तरंगत राहिली, एक मासा वर येईना. काठावर धावजी टोपल्यांजवळ जाऊन बसला. ठकू घाबरली, खरंच घाबरली. पण रडत बसायची तिची जात नव्हती. तिने लुगड्याचा काचा मारला आणि तळव्यांनी पाणी चाचपत आत शिरली. गुडघ्याएवढं कोमट, कमरेएवढं कोमट, आणि गळ्याशी पाणी आलं तेव्हा पावलाला एकदम गारठा लागला. कड्याच्या पोटातून तिथे झरा फुटत होता. उन्हाने हैराण झालेले सगळे खडस त्या गारव्याला येऊन बसले होते. ठकूने दोरीला दगड बांधला, उंबर लावलेला गळ थेट तळाशी सोडला आणि तिथेच उभी राहिली.

त्यानंतर रोज पहाटे ती गळ्याएवढ्या पाण्यात उभी राही. पाय गोठून लाकडं झाले, दोरीने बोटं चिरली, पण बावीस पुरे झाल्याशिवाय ती बाहेर आली नाही. सहाव्या दिवशी वीसच झाले होते आणि कडा उजळायला लागला, तर सूर्यच घटकाभर कड्याआड थांबला, असं म्हणतात. तो ढग असेल, असं म्हणणाऱ्याला हिरडवाडीत पाणी विचारत नाहीत.

आठव्या दिवशी एकवीस मासे झाले. मग दोरीला असा हिसका बसला, की ठकू पाण्याखाली गेली. वाडी काठावर गोळा झाली. ती वर आली, पुन्हा गेली, आणि अखेर ओढत ओढत तिने मासा उथळात आणला. माणसाच्या उंचीची खडस होती ती. पोरं नाचायला लागली.

ठकूने त्या मादीच्या पोटावर हात ठेवला. पोट गाभोळीने टच्च भरलं होतं. पुढच्या कितीतरी वर्षांचे मासे त्या एका पोटात होते. ठकूने हलकेच गळ काढला आणि तिला पाण्यात लोटून दिलं.

तेवढ्यात ऊन कड्यावर चढलं. धावजी टोपलीपाशी उभा राहिला.

"ठके, एकवीस झाले."

"बाविसावं घर माझं हाय, मामंजी. माझ्या वाटचा मी सोडला. कुनाचा कमी पडला त्ये सांगा."

धावजीने सगळ्यांकडे पाहिलं. मग त्याने स्वतः टोपल्या उचलल्या, दूर माळावर नेऊन पालथ्या केल्या आणि वर माती लोटली. शेजारणींनी आपल्या माशातला तुकडा ठकूला नेऊन दिला, तो तिने परत पाठवला. दिवेलागणीला घाटात बैलांच्या घुंगरांचा आवाज आला.

ठकू पुढे फार म्हातारी झाली. एका वैशाखात ती तळ्यात उतरली आणि पुन्हा कोणाला दिसली नाही, असं म्हणतात. वाडी तिला ठकूमाय म्हणू लागली.

आता हिरडवाडीत साठाच्या वर घरं आहेत. तळ्यात गेळ कोणी घालत नाही. वैशाखातल्या एका सकाळी ठकूमायच्या नावाने सगळे गळ घेऊन काठावर बसतात, बायका पुढे, गडी मागे. निघालेला प्रत्येक मासा मोठ्याने मोजतात. बाविसावा ज्याच्या गळाला लागेल त्याने तो सोडायचा, आणि त्या दिवशी त्याच्या घरी चूल पेटत नाही. एकवीस झाले, की काठ गप्प होतो. जो तो आपल्या दोरीकडे डोळे लावून बसतो, कारण प्रत्येकाला वाटत असतं की यंदा उपाशी राहण्याचा मान आपल्या घराला मिळावा.