उस्तादांचा कमरेवरचा हात

शिकवणाऱ्याचे दुखणे शिकणाऱ्याने विधी समजून उचलले, या आशयाच्या कथा जवळजवळ प्रत्येक धर्मसमाजात आढळतात. एका पाठात गुरू पूजेच्या वेळी खोडकर मांजर खांबाला बांधतो आणि पुढच्या पिढीचे शिष्य पूजेसाठी मांजर शोधत हिंडतात. दुसऱ्यात दमेकरी पुराणिकाचे श्रोते प्रत्येक श्लोकानंतर भक्तिभावाने खोकतात. या पाठांचा रोख हसवण्याकडे आहे. किनाऱ्यावरच्या मुसलमान खलाशांच्या घरांत सांगितला जाणारा पाठ निराळ्या स्वभावाचा आहे. चूक त्यातही तीच; मात्र चुकणाऱ्यांना तेथे कोणी मूर्ख म्हणत नाही, आणि इतर पाठ जेथे संपतात तेथून या कथेला खरा जोर येतो. काही गावांत कथेतल्या इमामाच्या लेकीच्या जागी भाची येते. बाकी कथा सर्वत्र एकच आहे.

खाडीच्या तोंडाशी दर्यावर्द्यांचे एक गाव होते. त्यांनी मोठ्या हौसेने मशीद बांधली होती. भिंती कुडाच्या, वर माडाच्या झापांचे छप्पर. परंतु आत उभे राहून नमाज कशी पढायची, हे धडपणे कोणालाच येत नव्हते. कोणाला आरंभ ठाऊक, कोणाला शेवट. मधला भाग प्रत्येक जण आपापल्या अंदाजाने उरके.

एका वर्षी, पावसाळा तोंडावर असताना, दूरच्या मुलुखाचे एक गलबत वादळातून वाचून खाडीत शिरले. त्यातून एक वृद्ध विद्वान उतरला. वारे फिरल्याखेरीज गलबत परतणार नव्हते, म्हणून तो सबंध पावसाळा गावातच राहिला. गावाने त्यांना उस्ताद म्हटले. त्यांची भाषा गावाला येत नव्हती आणि गावाची त्यांना. तेव्हा उस्तादांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवले, मग समोरच्यांच्या डोळ्यांकडे दाखवले, आणि ते पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिले. मला पाहा, असे त्यांचे म्हणणे होते. गावाने पाहिले.

हात कसे बांधायचे, कपाळ जमिनीला कसे टेकायचे, शेवटी दोन्हीकडे सलाम फिरवताना मान कुठवर वळवायची, सारे गाव डोळ्यांनी शिकले. त्या दिवसांची आठवण पुढे कित्येक वर्षे निघत असे. होड्या झापांखाली शाकारलेल्या, दर्या बंद, घराघरांत ओल्या सुंभाचा वास, आणि मशिदीतून येणारा उस्तादांचा धीमा आवाज. "तसा पाऊस पुन्हा पडला नाही," असे म्हातारी माणसे म्हणत. पाऊस दरवर्षी तेवढाच पडत असे.

त्यांच्या शिकण्यात एक गोष्ट मात्र अशी होती, जी दुसऱ्या कोणत्याही मशिदीत दिसली नसती. रुकूत, म्हणजे नमाजेत कमरेतून वाकताना, दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवायचे असतात. उस्ताद डावा तळवा गुडघ्यावर ठेवीत आणि उजवा हात मागे कमरेवर. गावानेही तसेच केले. नमाजेत पुढे उभ्या असलेल्या इमामाची पाठ सर्वांना दिसते; इमामाला मागचे कोणीच दिसत नाही. आपल्या मागे अख्खे गाव एक हात कमरेवर ठेवून वाकते आहे, हे उस्तादांना कधी कळले नाही. वारे फिरले आणि गलबत गेले.

उस्तादांच्या अगदी मागे उभा राहणारा तरुण खलाशी पुढे गावाचा इमाम झाला. त्याने गावाला शिकवले, बायकोला शिकवले; बायकोने लेकीला. मग बायको वारली, लेक पलीकडच्या बंदरात दिली, आणि इमाम म्हातारा झाला.

एके दिवशी लेक माहेरपणाला आली. इमामाचा जुना सोबती, खलाशांचा म्होरक्या असलेला गावचा तांडेल, ओट्यावर बसून जाळे विणत होता.

"काय गं, सासरचं मासं बाधलं काय? तोंड का उतरलंय?" तांडेलाने विचारले.

"मासं नाही चाचा, नमाज बाधली," लेक म्हणाली. मग बापाकडे वळून ती हलक्या आवाजात बोलू लागली. "बाबा, मी रुकूत गेले की नणंद तोंडावर पदर घेते. परवा विचारलंन, 'वहिनी, नमाज पढतेस की पाणी भरून कंबर मोडली?' सगळ्या बायका हसल्या. तिथं सगळे दोन्ही हात गुडघ्यावर ठेवतात. बंदरात येणारे परमुलखातले व्यापारीसुद्धा. सासूबाई म्हणाल्या, 'माहेराहून नीट शिकून ये. उद्या तुझी पोरं तुझ्याकडूनच शिकायची.'"

तांडेल उसळला. "म्हणजे उस्तादांनी दाखवलं ते खोटं आणि हिच्या नणंदेनं सांगितलं ते खरं? जाऊन सांग तिला, हा हात आमच्या गावाची निशाणी आहे!"

"सांगितलं की चाचा. तर म्हणाली, निशाणी असेल तर कपाळावर गोंदवा."

इमाम हसला नाही. "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, पोरी. उस्तादांच्या मागं माझ्याइतकं जवळ कोणी नव्हतं."

"तुम्ही पाहिलंत, बाबा. पण मी तिथं कोणती पढू? दोन्ही हात गुडघ्यावर ठेवले तर आईला खोटं पाडलं असं वाटतं. नाही ठेवले, तर माझ्या पोरांनाही लोक हसतील."

"आईनं शिकवली ती पढ," इमाम म्हणाला. लेक उठून आत गेली. बापाने आपली बाजू घेतली नाही याचे तिला दुःख नव्हते. त्याच्या आवाजात तिला प्रथमच भीती ऐकू आली होती, आणि तिच्यापुरते ते अधिक वाईट होते.

भीती खरीच होती. हात चुकला असेल, तर गाव आजवर जे काही पढत आले त्याचे काय? वर्षानुवर्षे त्याच रीतीने वाकत राहून जे कबरीत गेले, त्यांचे काय? चटईवरून उठता येईनासे झाले तोवर त्याच्या बायकोचा उजवा हात कमरेवर जात राहिला होता. इमामाला वाटले, या प्रश्नाला हात न लावलेलाच बरा.

पुढच्या आठवड्यात होड्या वर काढायचे दिवस आले. सगळे गाव दोरांना लागले, तसा इमामही लागला. "तुम्ही राहू द्या, इमामसाब," लोक म्हणाले. "दोर माणूस ओळखत नाही," असे म्हणून त्याने जोर लावला, आणि त्याच्या कमरेत काहीतरी लचकले. असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजेची, वेळ झाली, तसा हातपाय धुऊन वजू करून तो पुढे उभा राहिला.

रुकूत जाताच कमरेतून कळ निघाली. उजवा हात सवयीने मागे गेलाच होता. आजवर तो तेथे नुसता टेकत असे. आज बोटे आपोआप आत रुतली, अंगठ्याने दुखरी जागा शोधून दाबून धरली, आणि कळ थोडी ओसरली. त्याच क्षणी इमामाला उस्तादांचा हात दिसला. तोही असाच रुतलेला असे. बोटांची पेरे पांढरी पडलेली असत. वादळात हेलपाटलेल्या गलबतातून उतरलेल्या म्हाताऱ्याची कंबर दुखत होती. गावाने त्यांचा हात उचलला होता. हाताचा दाब कोणी पाहिला नव्हता.

सलाम फिरवून तो लोकांकडे वळला आणि त्याने सारे सांगितले. मशिदीत कुजबूज झाली.

"मग आमच्या आईबापांच्या नमाजा वाया गेल्या म्हणायच्या?" तांडेलाने विचारले. त्याचा आवाज चढला नव्हता, हे सर्वांच्या ध्यानात आले.

"न कळता केलं त्याची माफी देणारा वर आहे," इमाम म्हणाला. "त्यांनी जे पाहिलं ते जिवापाड सांभाळलं. लेकीनं हे विचारलं तेव्हाच मी भ्यालो होतो, पण ती भीती त्यांच्यासाठी नव्हती रे, मला वाटत होतं तशी. ती माझ्यासाठी होती. मला आता कळलंय. कळून पुन्हा तसंच करीन, ते कोणाच्या खात्यावर?"

घरी लेक दारात उभी होती. बातमी तिच्या कानी आधीच पोहोचली होती. इमाम पायरीवर सावकाश टेकला.

"दोन्ही हात गुडघ्यावर ठेव," तो म्हणाला. "आई खोटी पडत नाही. ती माझ्याकडे पाहून शिकली. नीट पाहायचं मी चुकलो."

लेकीने तेलाची वाटी गरम करून आणली आणि ती बापाच्या कमरेला चोळायला बसली. चोळता चोळता म्हणाली, "उस्तादांना कोणी तेल चोळलं नसेल."

"आम्ही विचारलंच नाही," इमाम म्हणाला.

जुम्म्याच्या दिवशी, शुक्रवारी, मशीद भरली, तेव्हा इमाम पुढे गेला नाही. त्याने तांडेलाचा दंड धरला. "तू उभा राहा."

"मी? माझा आवाज म्हणजे वादळात नांगर टाका म्हणून ओरडणाऱ्याचा. लोक नमाज सोडून दोर शोधतील!"

लोक हसले, पण कोणीतरी म्हणाले, "इमामसाब, दुखणेकऱ्याला सवलत आहे. तुम्हीच पुढं व्हा, आणि हात खुशाल कमरेवर ठेवा. तुम्हाला माफ आहे."

"मला माफ आहे," इमाम म्हणाला. "पण पुढं उभं राहिलो तर तो हात पोरांना दिसेल, आणि पोरं दुखणं शिकत नाहीत, हात शिकतात."

या पाठाचे एक वैशिष्ट्य असे की तात्पर्य कथेच्या टोकाला येत नाही. सांगणारी माणसे येथेच थांबतात, मुलांकडे पाहतात आणि म्हणतात: ज्याच्याकडे पाहून चार जण शिकतात, त्याचे दुखणेही शिकवण होऊन बसते; म्हणून आपण कोठे उभे आहोत, हे शिकवणाऱ्याने आधी पाहावे. मग कथा तेवढी एकच घटना सांगून संपते.

तांडेल पुढे उभा राहिला. इमाम माणसांच्या ओळी ओलांडत मागे गेला. मुलांची ओळ सर्वांत शेवटी असते. तीही त्याने मागे टाकली आणि दाराजवळच्या कोपऱ्यात तो उभा राहिला. तांडेलाने खरखरीत, मोठ्या आवाजात ‘अल्लाहू अकबर’ अशी तकबीर म्हटली. सारे गाव रुकूत वाकले, आणि सर्वांचे दोन्ही तळवे गुडघ्यांवर टेकले. कोपऱ्यात इमामही वाकला. त्याचा उजवा हात कमरेवर गेला आणि दुखऱ्या जागेवर घट्ट रुतला. त्याच्या मागे कोणी नव्हते.