धुरपा सुतारणीचा पाळणा

फार फार वर्षांमागं आपल्या खैरवाडीत धुरपा नावाची सुतारीण होती. बायांनो, ऐका. आणि बाप्यांनो, तुम्ही तर कान उघडे ठेवूनच ऐका. नवरा वारल्यावर तिनं त्याचा लाकूड तासायचा वाकस हातात घेतला आणि पाळणे करायला लागली. तिचा पाळणा नुसत्या झुळकेनं हलायचा. पण आईच्या मनात मूल नसेल, तर त्या घरी दहा जणांनी ढकलला तरी हलत नसे, असं म्हणतात. मी काही बघायला गेले नव्हते!

त्या काळी नवी सून पाया पडली की म्हातारे म्हणायचे, ‘अष्टपुत्रा हो!’ जत्रेत देवीची पहिली ओटी भरायचा मानही सगळ्यात जास्त लेकरं असलेल्या बाईला. मग काय, लागल्या सगळ्या शर्यतीला!

ठकूबाईची सून चंपा. पाच बाळंतपणांत तिच्या अंगाचं चिपाड झालेलं. सुईण बजावून गेली होती, ‘सहाव्याला ही वाचायची नाही.’ तरी ठकूबाई तिला धुरपाच्या पडवीत घेऊन आली.

“नवा पाळणा कर. सहावं पाहिजे.”

“हिला पाहिजे का?”

“हिला काय विचारायचं? मला कुणी विचारलं होतं?”

धुरपानं वाकस खाली ठेवला. “मग मी विचारते. ठकूआक्का, तुम्हाला किती हवी होती?”

उभ्या जन्मात हे म्हातारीला कुणी विचारलं नव्हतं. ती तिथंच भुशात बसली आणि ढसाढसा रडली.

“नऊ झाली गं. दोनच राहिली. मला झालेली सगळी हवी होती. म्हणून भ्या वाटतं, हिच्या पाचातली किती राहतील!”

तेव्हा पडवीत टांगलेले सात रिकामे पाळणे वारा नसताना हलायला लागले, असं म्हणतात.

ठकूबाईनं डोळे पुसले. “चंपे, तुला किती पाहिजेत गं?”

“आहेत ही पाच जगवू या, आत्याबाई.”

आणि जगवली! ठकूबाई रोज शेळीचं दूध काढून आधी सुनेला द्यायची. पाचही पोरं मोठी झाली, चंपाही म्हातारी होऊन गेली. जत्रेतला तो मानही मग गावानं मोडला.

आता खैरवाडीत अष्टपुत्रा कुणी म्हणत नाही. धुरपाचा एक पाळणा गावानं देवीच्या देवळात टांगलाय. सासू नव्या सुनेला त्याच्यापाशी नेते आणि विचारते, ‘तुला किती?’ सून एक म्हणो, चार म्हणो, एकही नको म्हणो. सासूनं दोरीला हात लावून ‘बरं’ म्हणायचं.

मी ‘दोन’ म्हटलं, तेव्हा माझी सासू जरा खोकली. पण ‘बरं’ म्हणाली हो.