बुडती वाटी

कुणी म्हणजे कुणी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. फार फार मागची गोष्ट आहे ही, पण बाईने खरं सांगितलं की त्याला कटकट म्हणायची रीत तेव्हाही होतीच.

एका राज्यात रत्नशेखर राजाची औषधशाळा होती. तिथे एक बाई पुड्या बांधायची. सगळं गाव तिला मावशी म्हणे. बाळाला ताप आला की अतिविष नावाची औषधी मुळी कुटून द्यायची. पण बचनाग नावाची विषारी मुळी असते, ती दिसायला अगदी तशीच. म्हणून मावशी प्रत्येक मुळी मोडायची आणि जिभेच्या टोकाला लावायची. कडू लागली तर औषध, जीभ बधिर झाली तर विष. मग पुडी हातात देऊन आईच्या डोळ्यांत बघून सांगायची, "चिमूटभरच. मधातून. दूध पाजल्यावर."

पुढे नवा कारभारी आला. त्याने मावशीच्या दोन जोडीदारणी काढल्या, तिचा बसायचा चौरंग उचलून नेला आणि तळाला भोक पाडलेली तांब्याची वाटी पाण्यावर ठेवली. म्हणाला, "वाटी बुडायच्या आत पुडी गेली पाहिजे."

मावशी थेट दरबारात गेली. "महाराज, एवढ्या वेळात मुळी मोडून चाखणं होत नाही. एखादं लेकरू जाईल माझ्या हातून."

राजा हसला. "इतकी वर्षं चुकली नाहीस, आता कशी चुकशील?" आणि त्याने वाटीच्या हुकुमावर शिक्का मारला.

मावशी उभी राहून कुटू लागली. पाय सुजले. जेवण तसंच बांधलेलं घरी परत जाऊ लागलं. रांगेतून टोमणे यायचे, "काय मावशी, हाताला मेंदी लावलीय का?" मान वर करायला फुरसत नव्हती. तिला आता चेहरे दिसत नव्हते, नुसते पुढे आलेले हात दिसत.

एके दिवशी भर दुपारी तिने ओठावरचा घाम पुसला आणि ओठ बधिर झाला.

म्हणजे हाताला बचनागाची पूड लागली होती. सकाळपासून चाळीस पुड्या गेल्या होत्या. विषाची कुठली, कुणाच्या घरी, काही ठाऊक नव्हतं.

तिने लोखंडी खल काखेत मारला, बत्त्याने वाजवत रस्त्यावर धावली. "पुडी देऊ नका गं! पोरांना पुडी देऊ नका!" तो घणघणाट गल्लीगल्लीत घुमला. चुली सोडून आया पुड्या घेऊन धावल्या. राजासुद्धा अनवाणी खाली आला.

चौकात मावशी बसली आणि एकेक पुडी स्वतःच्या जिभेला लावू लागली. भोवती हजार माणसं गोळा झाली. सगळे तिच्या जिभेकडे बघत होते. एकोणचाळीस पुड्या झाल्या. सगळ्या कडू.

चाळिसावी आलीच नव्हती.

तेवढ्यात औषधशाळेकडून एक कुंभारीण आली, कडेवर तापलेलं मूल, मुठीत पुडी. "मावशी, कुठे होतीस गं? दर वेळी सांगतेस कशी द्यायची ते. आज बोलली नाहीस, म्हणून दिलीच नाही. विचारायला परत रांगेत उभी होते."

मावशीने ती पुडी जिभेला लावली. तिची जीभ लुळी पडली. ती बोलू शकेना, नुसती त्या लेकराच्या पायांवर डोकं ठेवून रडली.

कारभारी ओरडला, "बघितलंत महाराज? हिच्या हातची चूक!"

मावशी उठली. तिने वाटी आणून पाण्यावर सोडली आणि राजाच्या हातात एक मुळी दिली. राजाने मुळी मोडायला घेतली. ती मोडायच्या आतच वाटी बुडाली.

"कुणी ठेवली ही?" राजाने विचारलं.

"मी ठेवली," कारभारी पुटपुटला, "पण शिक्का आपला आहे."

राजाने सगळ्या गावासमोर मावशीला हात जोडले. चौरंग परत आला, जोडीदारणी परत आल्या, वाटी वितळवून तिची पाटी केली. पोरांनो आणि थोरांनो, एवढं गाठीला बांधा: राबणाऱ्याचा श्वास जो हिरावतो, त्या राबणाऱ्याच्या चुकीचा धनी तोच.

ती पाटी औषधशाळेच्या दारावर लागली. तिच्यावर राजाने स्वतःच्या हाताने दोषी म्हणून एकच नाव कोरलं: रत्नशेखर.